जुनी कार्यप्रणाली व मोठी हार्ड डिस्क : मोजणीच्या मर्यादेचा अभ्यास

विषयप्रवेश

प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर हे गावाच्या जीवनातील एक मोलाचे दप्तर होय. जन्मतारखेचा पुरावा म्हणून, जातीच्या दाखल्यासाठी अथवा वारसाच्या कामासाठी ग्रामस्थ पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या नोंदीचा उतारा मागण्यास शाळेत येतात. ज्या कुटुंबाकडे दुसरा कोणताही लेखी पुरावा नाही, त्यास शाळेची ही एक ओळच आधार असते. परंतु रजिस्टर कागदाचे आहे, आणि कागदास वाळवी, ओल व पूर यांचे भय कायमचे आहे. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ या दोन महापुरांच्या वेळी सांगली जिल्ह्यातील कृष्णा-वारणाकाठच्या मिरज, पलूस, वाळवा व शिराळा या तालुक्यांतील गावांत पाणी शिरले. जुलै २०२१ मध्येच सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात दरडी कोसळून वस्त्या गाडल्या गेल्या. अशा प्रसंगी दप्तराची दुसरी प्रत दुसऱ्या जागी असणे किती अगत्याचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

ही दुसरी प्रत करण्याचा आज सर्वांत सुलभ मार्ग म्हणजे रजिस्टरच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन ते संगणकाच्या हार्ड डिस्कवर ठेवणे. एका पानाच्या चित्रास ५ एमबी जागा लागते असे धरल्यास २०० पानांच्या रजिस्टरास १,००० एमबी, म्हणजे सुमारे १ जीबी जागा लागेल. केंद्रशाळेने केंद्रातील सर्व शाळांच्या दप्तरांच्या प्रती, पाठांच्या चित्रफिती व शालेय कार्यक्रमांची छायाचित्रे एकत्र ठेवावयाची म्हटल्यास मोठी डिस्क घ्यावी लागते. शिवाय लहान डिस्क आता बाजारात सहसा मिळत नाहीत; २ टीबी, ४ टीबी अशाच डिस्क पुढे येतात.

अडचण येते ती येथे. खेड्यातील शाळेचा संगणक बहुधा जुना असतो. कोठे तो लोकवर्गणीतून घेतलेला असतो, कोठे मुंबईस नोकरीनिमित्त राहणाऱ्या ग्रामस्थांनी दिलेला, तर कोठे एखाद्या पतसंस्थेने नवी यंत्रे घेतल्यावर जुने यंत्र शाळेस भेट दिलेले असते. त्यावरील कार्यप्रणाली, म्हणजे ज्यास व्यवहारात ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात ती, विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ अशी मागील काळातील असते. अशा यंत्रास नवी मोठी डिस्क जोडली असता यंत्र तिला नीट ओळखत नाही. असे का होते, त्यात धोका कोणता, आणि शिक्षकाने काय करावे व काय करू नये, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

अडचणीची तीन लक्षणे

मोठी डिस्क जुन्या यंत्रास जोडली असता पुढीलपैकी एखादे लक्षण दिसते.

(१) डिस्क दिसते, पण तिचे आकारमान प्रत्यक्षाहून फार कमी दिसते.

(२) डिस्कचा दिवा लागतो, ती फिरत असल्याचा आवाज येतो, पण ‘माय कॉम्प्युटर’मध्ये तिचे नाव येत नाही.

(३) ‘ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता फॉरमॅट करावयाची काय?’ असा प्रश्न पडद्यावर येतो.

पहिल्या दोन लक्षणांवरून डिस्क बिघडली आहे असा समज होतो. तिसऱ्यावरून ती कोरी आहे असे वाटते, आणि हा समज अधिक घातक आहे. सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत कित्येक घरांच्या माळ्यावर व कित्येक दप्तरखान्यांत मोडी लिपीतील जुने कागद आहेत. मोडी न येणाऱ्यास त्यातील एक अक्षरही लागत नाही. पण म्हणून तो कागद कोरा आहे असे कोणी म्हणत नाही आणि त्यावर शाई ओतीत नाही. जुनी कार्यप्रणाली मात्र नेमके तेच करू पाहते. जे तिला वाचता येत नाही, ते तिच्या दृष्टीने लिहिलेलेच नाही. ‘होय’ म्हणून कळ दाबली की डिस्कवरील मजकुराची सूची ती पुसून टाकते. म्हणून शिक्षकाने प्रथम हे पक्के ध्यानात धरावे की, यंत्रास वाचता न येणे व डिस्क कोरी असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

कारण : अंकांची घरे

या अडचणीचे मूळ अंकगणितात आहे, आणि ते प्राथमिक शिक्षकाच्या नित्य परिचयाचे आहे. सातारच्या वाहनांवर एमएच ११ व सांगलीच्या वाहनांवर एमएच १० अशी खूण असते. तिच्यापुढे अक्षरे व शेवटी जास्तीत जास्त चार अंक असतात. चार घरांत ९९९९ पर्यंतच मोजता येते. पुढील वाहनास क्रमांक देण्यासाठी अक्षरांची नवी मालिका सुरू करावी लागते. घरे चारच ठेवून मालिकाही बदलली नाही, तर दहाहजाराव्या वाहनास क्रमांकच उरत नाही. वाहन आहे, रस्त्यावर उभे आहे, पण नोंदवहीच्या दृष्टीने त्याला स्थान नाही.

हार्ड डिस्कची व्यवस्था अशीच आहे. डिस्कवरील जागा लहान लहान खणांत विभागलेली असते. या खणास सेक्टर म्हणतात. एका सेक्टरमध्ये परंपरेने ५१२ अक्षरांइतका मजकूर मावतो. अशा एका अक्षराइतक्या जागेस बाइट म्हणतात. प्रत्येक सेक्टरला क्रमांक असतो, आणि यंत्र मजकूर लिहिताना व वाचताना सेक्टरच्या क्रमांकावरूनच तो शोधते. हा क्रमांक लिहिण्यासाठी किती घरे राखून ठेवली आहेत, त्यावर किती मोठी डिस्क मोजता येईल हे ठरते. फरक इतकाच की, मनुष्य एका घरात ० ते ९ असे दहा अंक लिहितो, यंत्र केवळ ० आणि १ हे दोनच अंक लिहिते. यंत्राच्या या एका घरास बिट म्हणतात. एक घर वाढले की मोजण्याची शक्ती दुप्पट होते.

ही घरे अपुरी ठेवणाऱ्यांची दृष्टी कोती होती असे मात्र म्हणता येणार नाही. आयबीएम कंपनीने १९८३ मध्ये पीसी एक्सटी हा संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यातील हार्ड डिस्क १० एमबीची होती. म्हणजे तिच्यात सुमारे २० हजार सेक्टर होते. त्याच वेळी रूढ झालेल्या विभागणी-तक्त्यात सेक्टरच्या क्रमांकासाठी ३२ बिटांची घरे ठेवण्यात आली. त्यांत ४२९ कोटींहून अधिक सेक्टर मोजता येत. तत्कालीन गरजेच्या सुमारे दोन लाख पट ही तरतूद होती. तरीही २०१० मध्ये ३ टीबीच्या डिस्क बाजारात आल्या आणि ती तरतूद अपुरी ठरली. सालासाठी केवळ दोन अंक ठेवल्यामुळे २००० साली जगभरच्या संगणकांपुढे जो प्रश्न उभा राहिला होता, तोही याच जातीचा होता.

दोन मुख्य मर्यादा

शाळेतील यंत्रांच्या बाबतीत दोन मर्यादा ध्यानात ठेवल्या म्हणजे पुरे.

पहिली मर्यादा २८ बिटांची. पूर्वी संगणक व डिस्क यांच्यातील व्यवहारात सेक्टरच्या क्रमांकासाठी २८ बिटे होती. २८ बिटांत २६,८४,३५,४५६ सेक्टर मोजता येतात. यास ५१२ ने गुणिले असता १,३७,४३,८९,५३,४७२ बाइट, म्हणजे सुमारे १३७ जीबी होतात. २००१ मध्ये निघालेल्या मूळ विंडोज एक्सपीस ही मर्यादा होती. १६० जीबीची डिस्क तिला जोडली तर १३७ जीबीपलीकडील भाग तिला दिसत नसे. पुढे ४८ बिटांची पद्धत आली, आणि २००२ च्या सर्व्हिस पॅक १ पासून विंडोज एक्सपीत तिची सोय झाली. मात्र यंत्राच्या मदरबोर्डवरील बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताच प्रथम चालणारी मूळ सूचनावली, हीदेखील ४८ बिटे जाणणारी असावी लागते. दोहोंपैकी एक जरी जुनी राहिली तरी मोजणी चुकते.

दुसरी मर्यादा ३२ बिटांची. डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये तिच्या विभागांचा तक्ता असतो. त्यास एमबीआर म्हणतात. १९८३ पासून चालत आलेला वर उल्लेखिलेला तक्ता तो हाच. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर मावतात. म्हणजे २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट, सुमारे २.२ टीबी. याहून मोठ्या डिस्कचा पुढील भाग या तक्त्यात लिहिताच येत नाही.

येथे एक शंका उद्भवते. डिस्कच्या वेष्टनावर १ टीबी लिहिलेले असताना विंडोज ९३१ जीबी दाखविते. ५०० जीबीच्या डिस्कवर ४६५ जीबी दाखविते. ही घट बिघाडामुळे वा फसवणुकीमुळे होत नाही. कारखानदार हजाराच्या पटीने मोजतात व विंडोज १,०२४ च्या पटीने मोजते. धान्य तेच, माप वेगळे, असा हा प्रकार आहे. म्हणून पडद्यावरील आकडा पाहताना ही नेहमीची घट प्रथम वजा करावी आणि त्याउपर तूट असेल तरच मर्यादेचा संशय घ्यावा.

आकड्यावरून निदान

४ टीबीची डिस्क विंडोजच्या मापाने ३,७२६ जीबी भरते. ती एमबीआर तक्त्याने वापरली असता २,०४८ जीबी वापरास मिळतात आणि उरलेले १,६७८ जीबी ‘अनअलोकेटेड’ या शीर्षकाखाली पडून राहतात. या दोन आकड्यांची बेरीज ३,७२६ येते, हे शिक्षकाने स्वतः पडताळून पाहावे. बेरीज जुळली तर डिस्क निर्दोष आहे, केवळ तक्ता जुना आहे, असे निदान होते.

याहून विचित्र प्रकार ३ टीबीच्या डिस्कच्या बाबतीत आढळतो. ती विंडोजच्या मापाने २,७९४ जीबी भरते, पण काही जुन्या यंत्रांवर केवळ ७४६ जीबी दिसते. २,७९४ मधून २,०४८ वजा केल्यास ७४६ उरतात. मोटारसायकलच्या पाच घरांच्या मीटरमध्ये ९९,९९९ नंतर पुन्हा ००,००० येते, तसेच येथे झालेले असते. मोजणी मर्यादेपर्यंत जाऊन शून्यावर आली आणि पुन्हा नव्याने सुरू झाली. पहिला फेरा हिशेबातून निसटला.

मीटर शून्यावर आल्याने वाहनाची हानी होत नाही, पण डिस्कच्या बाबतीत ती होते. मर्यादेपलीकडील सेक्टरचा क्रमांक अपुऱ्या घरांत लिहिला गेला म्हणजे तो आरंभीच्या एखाद्या सेक्टरचा क्रमांक होऊन बसतो. परिणामी नवा मजकूर डिस्कच्या आरंभीच्या भागावर लिहिला जाऊन पूर्वीचा मजकूर नष्ट होण्याचा संभव असतो. हा नाश मुकाट्याने होतो. पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही. सर्व काही सुरळीत चालले आहे असे वाटत असता, डिस्क भरत भरत मर्यादेशी आली की जुनी दप्तरे वाचता येईनाशी होतात. म्हणून ‘सध्या चालते आहे ना, मग राहू द्या’ ही वृत्ती येथे उपयोगी नाही.

नवा तक्ता व त्याची पाटी

३२ बिटांच्या तक्त्याच्या जागी आता जीपीटी नावाचा तक्ता वापरात आहे. त्यात सेक्टरच्या क्रमांकासाठी ६४ बिटे आहेत, आणि ती नजीकच्या काळात अपुरी पडण्याचा संभव दिसत नाही. २००७ मध्ये सर्वांसाठी विक्रीस आलेली विंडोज व्हिस्टा व तिच्यानंतरच्या विंडोज ७, ८, १० व ११ या प्रणालींना जीपीटी डिस्कवर मजकूर ठेवता व वाचता येतो. नेहमीच्या ३२ बिटांच्या विंडोज एक्सपीस मात्र तो तक्ता वाचता येत नाही.

जीपीटीची रचना करणाऱ्यांनी एक दक्षता घेतली आहे. जुन्या यंत्राने नवी डिस्क कोरी समजून पुसू नये, यासाठी डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये जुन्या पद्धतीचीही एक नोंद ठेवलेली असते. तिचा अर्थ इतकाच की, येथील जागा व्यापलेली आहे. जणू बालबोध न वाचणाऱ्यासाठी दारावर मोडीतही एक पाटी लावून ठेवावी. त्यामुळे विंडोज एक्सपीच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये अशी डिस्क ‘जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन’ या नावाने दिसते आणि ‘माय कॉम्प्युटर’मध्ये मात्र येत नाही. वर सांगितलेल्या दुसऱ्या लक्षणाचे हे एक प्रमुख कारण होय. ही पाटी दिसल्यास डिस्क सुस्थितीत आहे असे समजून ती काढून घ्यावी व नव्या यंत्रास जोडून पाहावी. पाटी पुसण्याच्या खटपटीत पडू नये.

शिक्षकाने करावयाची कृती

१. प्रथम नोंद करावी. डिस्कच्या वेष्टनावरील आकारमान, ‘माय कॉम्प्युटर’वर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये दिसणारे प्रणालीचे नाव व सर्व्हिस पॅकचा क्रमांक, तसेच पडद्यावर दिसणारे डिस्कचे आकारमान, या तीन गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात. निम्मे निदान या तीन ओळींतच होते.

२. डिस्कवर पूर्वीचा मजकूर असेल तर जुन्या यंत्रावर तिला काहीही करू नये. ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशिअलाइज’ या शब्दांनी विचारलेल्या कोणत्याही प्रश्नास ‘नाही’ असेच उत्तर द्यावे. डिस्क विंडोज १० अथवा ११ असलेल्या यंत्रास जोडावी, मजकूर दिसतो का ते पाहावे, आणि दिसताच त्याची प्रत दुसऱ्या ठिकाणी करावी. प्रत झाल्यावाचून पुढील पाऊल टाकू नये.

३. यंत्रावर विंडोज एक्सपी असेल तर २ टीबीहून मोठी डिस्क त्यास जोडण्याचा नाद सोडावा. २ टीबीपर्यंतची डिस्क चालते. मात्र सर्व्हिस पॅक १ किंवा त्यापुढील असला पाहिजे. अशी डिस्क नव्या यंत्रावर एमबीआर तक्ता व एनटीएफएस मांडणी देऊन तयार करावी व मग जुन्या यंत्रास जोडावी. बाजारातील पुष्कळ डिस्क व पेन ड्राइव्ह एक्सफॅट नावाच्या मांडणीत असतात. मूळ विंडोज एक्सपीस ती मांडणी वाचता येत नाही आणि ती फॉरमॅटचा प्रश्न विचारते, हेही ध्यानात असावे.

४. यंत्रावर विंडोज ७ असेल तर ‘कॉम्प्युटर’वर उजवी कळ दाबून ‘मॅनेज’ व नंतर ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. नवी कोरी डिस्क असल्यास एमबीआर की जीपीटी असा प्रश्न येतो. २ टीबीहून मोठ्या डिस्कसाठी जीपीटी निवडावे. पूर्वी एमबीआर निवडले गेले असेल तर डिस्कच्या नावावर उजवी कळ दाबून ‘कन्व्हर्ट टू जीपीटी डिस्क’ ही आज्ञा द्यावी. डिस्कवर एकही विभाग नसेल तेव्हाच ही आज्ञा चालते. म्हणजे विभाग असल्यास ते काढावे लागतात व त्यांतील सर्व मजकूर जातो. म्हणून दुसऱ्या कलमातील प्रत येथे अनिवार्य आहे.

५. मोठी डिस्क केवळ मजकूर ठेवण्यासाठी वापरावी; जुन्या यंत्राची मूळ लहान डिस्क काढू नये. जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू करावयाची तर बायोसच्या जागी यूईएफआय ही नवी सूचनावली व ६४ बिटांची विंडोज लागते, आणि जुन्या यंत्रांत ती बहुधा नसते. यंत्र लहान डिस्कवरून सुरू व्हावे आणि दप्तर मोठ्या डिस्कवर राहावे, ही विभागणी सोयीची आहे.

६. काही मोठ्या बाह्य डिस्क विंडोज एक्सपीवरही पूर्ण आकारमानाने दिसतात. त्यांच्या पेटीतील जोडपट्टी ५१२ बाइटांऐवजी ४,०९६ बाइटांचा एक सेक्टर असल्याचे यंत्रास सांगते. खण आठपट मोठा केल्याने त्याच ३२ बिटांत आठपट जागा मोजली जाते. ही युक्ती चांगली आहे. परंतु अशा डिस्कची पेटी मोडल्यावर आतील डिस्क थेट यंत्रास जोडली तर मजकूर दिसत नाही, कारण खणांचे माप बदलते. अशा वेळीही डिस्क कोरी समजू नये.

७. नवे यंत्र जवळपास नसेल तर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली उपयोगी पडते. सी-डॅक या शासकीय संस्थेने तयार केलेली बॉस ही लिनक्सचीच भारतीय आवृत्ती आहे आणि तिच्यात मराठीचीही सोय आहे. लिनक्स जीपीटी तक्ता वाचते. पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करून मूळ विंडोजला हात न लावता डिस्क पाहता येते. यंत्राची स्मृती फार थोडी असल्यास एखादी हलकी आवृत्ती निवडावी.

८. काम झाल्यावर पडताळणी करावी. आकडा बरोबर दिसला म्हणजे काम संपले असे नव्हे. काही धारिका डिस्कवर लिहून यंत्र बंद करावे, पुन्हा सुरू करावे आणि त्या उघडून पाहाव्यात. मूळ ठिकाणच्या व प्रतीतील धारिकांची संख्या ताडून पाहावी. वीज जाण्याचा संभव असेल अशा वेळी प्रत करण्याचे काम हाती घेऊ नये.

याबरोबरच एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. विंडोज एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ च्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधारकाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक ज्या यंत्रावर आहेत ते जुने यंत्र इंटरनेटला जोडू नये. दप्तराची प्रत एकाच डिस्कवर ठेवून निश्चिंत होऊ नये. दोन डिस्क, दोन जागा, आणि त्यांपैकी एक जागा पुराच्या पाण्यापासून दूर, ही व्यवस्था केंद्रप्रमुखांच्या विचाराने करावी.

वर्गातील पाठ : इयत्ता सहावी व सातवी

या विषयातून स्थानिक किमतीचा एक उत्तम पाठ घेता येतो. त्यास संगणकाची आवश्यकता नाही.

पूर्वतयारी : चार अंकी सर्वांत मोठी संख्या कोणती, तिच्यात एक मिळविल्यास काय होते, हे प्रश्न विचारावेत. ९,९९९ व १०,००० या संख्या फळ्यावर एकाखाली एक लिहून ‘नवे घर लागले’ ही गोष्ट मुलांकडून वदवून घ्यावी.

विषयप्रतिपादन : तीन मुलांना ओळीने उभे करावे. बसलेला मुलगा म्हणजे ०, उभा असलेला म्हणजे १. तिघांच्या उठण्या-बसण्याच्या किती निरनिराळ्या रचना होतात, त्या फळ्यावर लिहाव्यात. आठ रचना येतात. चौथा मुलगा मिळविल्यास सोळा, पाचवा मिळविल्यास बत्तीस. पटसंख्या कमी असलेल्या शाळेत फोडलेले चिंचोके घ्यावेत; पांढरी बाजू १ व तपकिरी बाजू ० समजावी.

तुलना : पाच मुलांनी ० पासून ३१ पर्यंत मोजावे. ३१ ला सर्वजण उभे असतात. आता ३२ म्हटल्यावर काय करावयाचे? सहावा मुलगा नसेल तर सर्वांना खाली बसावे लागते व मोजणी शून्यावर येते. मोठी डिस्क लहान दिसण्याचे कारण मुलांना येथे डोळ्यांनी दिसते.

सामान्यीकरण : एक घर वाढले की मोजणी दुप्पट होते. दहा घरांत १,०२४ रचना होतात. संगणकाच्या मापात १,००० ऐवजी १,०२४ का येतात, हे येथे सांगावे. २८ घरांत २६ कोटींहून अधिक रचना होतात. एका वर्गातील २८ मुले केवळ उठून-बसून महाराष्ट्राच्या लोकसंख्येहून मोठी संख्या दाखवू शकतात, हे ऐकून मुलांना नवल वाटेल आणि ते नवल गणिताच्या गोडीस पोषक ठरेल.

उपयोजन : २८ घरांऐवजी ३२ घरे घेतल्यास मोजणी किती पट होईल, असा प्रश्न द्यावा. चार घरे वाढली, म्हणून २ × २ × २ × २ = १६ पट. १३७ जीबीची मर्यादा १६ पट केली असता २,१९२ जीबी येतात; सूक्ष्म हिशेबाने तेच २,१९९ जीबी होत. वर सांगितलेल्या दोन मर्यादांचा परस्परसंबंध मुले स्वतःच काढतील.

तात्पर्य

जुनी कार्यप्रणाली मोठी डिस्क ओळखत नाही याचे कारण बहुधा डिस्कमधील दोष नसून यंत्रापाशी असलेली अंकांची अपुरी घरे हे असते. ज्यास मोजता येत नाही, तो ‘नाही’ असे म्हणतो. त्याचे म्हणणे प्रमाण मानून दप्तर पुसून टाकणे हा मोठा अनर्थ होय. नोंद, प्रत, निदान, कृती व पडताळणी हा क्रम सोडला नाही, तर शाळेचे दप्तर सुरक्षित राहील आणि पन्नास वर्षांनंतर उतारा मागण्यास येणाऱ्या ग्रामस्थास तो मिळेल.

केंद्रसंमेलनात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतील संगणकावर कोणती कार्यप्रणाली आहे व तिला किती मोठी डिस्क मोजता येईल?

२. ४ टीबीची डिस्क २,०४८ व १,६७८ अशा दोन भागांत दिसत असेल तर काय निदान कराल? निदानानंतर पहिली कृती कोणती?

३. विंडोज एक्सपी असलेल्या यंत्रावर ‘फॉरमॅट करावयाची काय?’ असा प्रश्न आल्यास ‘नाही’ म्हणण्याची तीन कारणे द्या.

४. आपल्या केंद्रातील सर्वांत जुने जनरल रजिस्टर कोणत्या सालचे आहे? त्याची दुसरी प्रत आहे काय, आणि ती कोठे ठेवली आहे?